कारभारी बदलताना

दर आठवड्याला या पानावर आपली गाठ पडते ती बहुधा एखाद्या शब्दाच्या निमित्ताने. दिवाळी अंकासाठीही एक चांगला शब्द हेरून ठेवला होता. पण मध्येच घरात असे काही घडले की तो शब्द बापडा टिपणवहीतच राहिला.

गणपतीच्या आधीची गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजले होते. मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढे घेऊन बसलो होतो आणि आतल्या खोलीत चिरंजीवांचे युद्ध ऐन रंगात आले होते. एकाएकी तोफा थांबल्या.

"काय रे, शत्रू पडला वाटतं?"

"शत्रू नाही बाबा, कॉम्प्युटर."

पुढे चार दिवस हेच चालले. मी लेख लिहायला बसलो की यंत्र गाईसारखे गरीब. खेळ लावला की दहाव्या मिनिटाला ते मान टाकी आणि आपणहून पुन्हा जागे होई. ज्या दुकानदाराने ते जुळवून दिले होते त्याने फोनवरच निदान केले, "सर, विंडोज नव्याने टाका." टाकले. पाचव्या दिवशी 'फट्' असा आवाज झाला, जळक्या वासाने घर भरले आणि यंत्र कायमचे मुके झाले.

खेळ बंद पडला याचे मला मुळीच दुःख नव्हते, सौ.ला तर उघड आनंदच झाला. पण त्या यंत्रातल्या डिस्कवर माझ्या आईचा आवाज आहे. २०११ च्या मे महिन्यात तिला गॅलरीत बसवून मी मोबाइलवर सव्वा तासाचे बोलणे उतरवून घेतले होते : माहेरचा वाडा, विहीर, लग्नातला रुसवा. ती गेली, तो मोबाइलही गेला. वर्गात मुलांना "हस्तलिखिताची दुसरी प्रत ठेवा" म्हणून बजावणाऱ्या या मास्तराने स्वतः मात्र एकच प्रत ठेवली होती.

धावत आला तो पिंपरीचा भाचा. त्याने वास घेतला आणि म्हणाला, "मामा, एसएमपीएस गेला." दुसऱ्या दिवशी स्वतःकडचा एक जुना पण धडका एसएमपीएस आणून त्याने तात्पुरता जोडला. यंत्र सुरू झाले, डिस्कही फिरू लागली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. त्याच रात्री प्रत काढून ठेवायची की नाही? "उद्या काढू" म्हणालो. असो.

हा एसएमपीएस म्हणजे घरचा कारभारी. भिंतीतून २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज येते. तिच्यातून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशा सरळ विजेच्या वाटण्या करून ज्याच्या त्याच्या ताटात वाढायच्या हे त्याचे काम. कारभारी नेक असला तर त्याचे अस्तित्वही जाणवत नाही. आणि लबाड असला तर जाताना चारदोघांना घेऊन जातो. आमचा जुना कारभारी बाराशे रुपयांचा होता. त्याच्या अंगावर '४५० वॅट' असे ठसठशीत छापलेले होते. भाच्याने त्याखालचा बारीक तक्ता वाचायला सांगितला. १२ व्होल्टच्या रकान्यात लिहिले होते २० अँपियर. बाराला विसाने गुणले, दोनशे चाळीस झाले! उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत दाखवून बेरीज जुळवलेली. आणि हल्लीच्या यंत्रात खरी भूक असते ती १२ व्होल्टची; प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही तिथेच जेवतात.

आता आमचा हिशेब ऐका. गेल्या दिवाळीत चिरंजीवांनी शिष्यवृत्तीच्या पैशांतून आरटीएक्स ३०६० नावाचे कार्ड बसवले. त्याची भूक १७० वॅट. इंटेलचा आय५-१२४००एफ प्रोसेसर भरात आला की ११७ वॅटपर्यंत जातो. बोर्ड, डिस्क, पंखे यांचे साठेक धरा. साडेतीनशेच्या घरात बेरीज गेली. आणि घरात कर्ता पुरुष दोनशे चाळीसचा! लिहिताना यंत्र का तग धरी आणि युद्धात का कोसळे, हे आठवीतल्या मुलालाही कळले असते. दुकानदाराला ते का कळले नाही, हे मी विचारायला गेलो नाही.

बरे, साडेतीनशेची गरज म्हणून साडेतीनशेचाच घ्यावा, तर तेही चालत नाही. ही कार्डे क्षणभर अशी उसळी घेतात की नेहमीच्या मानाने दुप्पट वीज मागतात. २०२२ साली इंटेलने एटीएक्स ३.० हे नवे मान ठरवले. या कार्डांसाठी केलेल्या मोठ्या एसएमपीएसने सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरती आपल्या क्षमतेच्या दुप्पट मागणी सोसली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. आमच्या कार्डासाठी खुद्द एन्व्हिडिया कंपनीच ५५० वॅटची शिफारस करते. आम्ही ६५० वर थांबलो. हजार वॅटचा घेऊन ठेवावा असेही एकाने सुचवले. पण चौघांच्या कुटुंबासाठी कोणी लग्नाचे पातेले विकत घेत नाही.

यानंतर माझ्यातला मास्तर जागा झाला तो पदकांपाशी. खोक्यांवर '८० प्लस' असा शिक्का असतो. पुढे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. मी अर्थातच सुवर्णपदकवाला उचलायला निघालो. "मामा, ते पदक काटकसरीचं आहे, चारित्र्याचं नव्हे," भाचा म्हणाला. वाक्य मला इतके आवडले की ते मी माझेच म्हणून वापरणार होतो. २००४ साली अमेरिकेत सुरू झालेली ही योजना फक्त कार्यक्षमता मोजते. म्हणजे असे : यंत्राला ३०० वॅट हवे असले तर नव्वद टक्केवाला भिंतीतून ३३३ ओढतो आणि पंचाहत्तर टक्केवाला ४००. मधले शंभर वॅट नुसते पेटी तापवण्यात जातात. विजेच्या बिलाला आणि पेटीच्या तब्येतीला हे महत्त्वाचे आहेच. पण संकटात पेटी कशी वागेल ते पदक सांगत नाही. २०२१ साली गिगाबाईट कंपनीच्या जीपी-पी७५०जीएम या नमुन्याचे काही नग चाचण्यांत स्फोट होऊन बंद पडले. ऑगस्टमध्ये कंपनीने निवेदन काढून ते बदलून देण्याची तयारी दाखवली. त्या नमुन्यावर शिक्का सोन्याचाच होता! म्हणून नुसते नाव पाहू नये, नुसते पदकही पाहू नये. तो विशिष्ट नमुना कोणी उघडून, पूर्ण भार टाकून तपासला आहे का ते पाहावे. मोठ्या नावाच्या कंपन्याही आपले वेगवेगळे नमुने वेगवेगळ्या कारखान्यांतून करवून घेतात. एकाच आडनावाचा एक भाऊ न्यायाधीश आणि दुसरा आरोपी असावा तसे.

मग आम्ही काय पाहिले? १२ व्होल्टचे अँपियर पाहिले. जादा भार, जादा दाब, शॉर्टसर्किट आणि जादा उष्णता यांपैकी काहीही झाले तर आपणहून बंद होण्याची सोय पाहिली. आत १०५ अंशांचे कपॅसिटर आहेत असे लिहिलेले पाहिले. ८५ अंशांचे आपल्या उन्हाळ्यात लवकर म्हातारे होतात. आणि सर्वांत शेवटी हमीची वर्षे. जो कारखानदार एक वर्षाची हमी देतो त्याला स्वतःच्या मालाची माहिती आपल्यापेक्षा अधिक असते. आम्ही घेतला त्याला सात वर्षे आहेत. किंमतही सात हजारांच्या आसपास, सौ.ने एकदाच विचारले, "म्हणजे पहिल्यांदा बाराशे वाचवले होते, ते हेच का?" तापकीर गल्लीतून घरी येईपर्यंत मी गप्प होतो.

आता मुख्य प्रसंग. रविवारी सकाळी चिरंजीव आंघोळीला गेले होते. मला वाटले, आपणच नवा एसएमपीएस बसवून मुलाला चकित करावे. भाच्याचा पाहुणा एसएमपीएस बाहेर काढला, नवा स्क्रू लावून बसवला. डिस्ककडे जाणारी पाहुण्याची वायर मात्र भाच्याने मागच्या बाजूने पट्ट्यांनी छान बांधून दिली होती. ती सोडवून नवी ओवण्यापेक्षा तिचेच टोक नव्या पेटीत खोचले तर? खोचले. अगदी मापात बसले. जणू तिच्यासाठीच केले होते. पिन मोजल्या, सहाला सहा. मी बटणाकडे हात नेला.

"बाबा, बटण दाबू नका!"

ओल्या डोक्याने चिरंजीव दारात उभे होते. मी एवढ्या मोठ्या आवाजात त्यांना बोलताना पूर्वी कधी ऐकले नव्हते. त्यांनी आधी भिंतीतला प्लग काढला, मग ती वायर उपटली, आणि मग मला समजावले. डिस्कच्या बाजूचे टोक जगभर एकसारखे असते. पेटीच्या बाजूचे टोक मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीचे. एकाने जिथे ५ व्होल्ट ठेवले तिथे दुसऱ्याने १२ ठेवलेले असू शकतात. खोबण मात्र तीच. त्यामुळे ज्या पेटीची वायर तिलाच वापरायची. त्याच कंपनीचा दुसरा नमुना असला तरी भरवसा नाही. ५ च्या जागी १२ गेले असते तर डिस्क एका क्षणात जळाली असती.

मी खुर्चीवर बसलो. पाणी मागितले.

नव्या वायरी चिरंजीवांनीच ओवल्या. मी बॅटरी धरून उभा राहिलो आणि सांगतील तिकडे प्रकाश पाडला. जुनी जळकी पेटी उघडून आत काय आहे ते पाहण्याची माझी इच्छाही त्यांनी मोडून काढली. प्लग काढल्यावरही तिच्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट दडून राहिलेले असू शकतात, म्हणाले. जाता जाता भिंतीतल्या सॉकेटचे अर्थिंगही त्यांनी तपासून घेतले. घरच्या इन्व्हर्टरची लाट गुळगुळीत नसून पायऱ्यापायऱ्यांची आहे. ती काही नव्या एसएमपीएसना मानवत नाही, वीज गेली की यंत्र बंद पडते. तो खर्च पाडव्यापर्यंत पुढे ढकलला आहे.

दुपारी बाराच्या सुमारास बटण दाबले. पंखा फिरला, पडदा उजळला. आता तोफा सुरू होणार म्हणून मी उठू लागलो, तर चिरंजीवांनी खेळ उघडलाच नाही. खिशातून एक पेन ड्राइव्ह काढला, डिस्कवरची ती सव्वा तासाची फाइल त्यावर उतरवून घेतली आणि नीट उतरली की नाही हे पाहण्यासाठी लावली. आधी थोडी खरखर, रस्त्यावरचा एक हॉर्न, आणि मग आईचा जरा संशयी आवाज :

"सुरू झालं का रे ते?"

"झालं, आजी," चिरंजीव म्हणाले. स्वयंपाकघरातली भांड्यांची आदळआपट थांबली होती.