नव्या राणीचं जॉइनिंग

माझ्या एका मैत्रिणीच्या ऑफिसात गेल्या सोमवारी नवी बॉस जॉइन झाली. एचआरने सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये गोळा केलं, टाळ्या झाल्या, केक झाला, आणि पंधरा मिनिटांत सगळे आपापल्या जागेवर. 'आता हिच्याशी जमवून घ्या,' मैत्रीण कुरकुरली. मी म्हटलं, बाई गं, तुझी बॉस नशीबवान. मामाच्या पेटीत मी अशीच घाई केली, तर नव्या राणीचा तिसऱ्याच दिवशी खून पडला.

पेटी म्हणजे मधमाश्यांची. इंदापूरकडे मामाची डाळिंबाची बाग आहे. परागीभवनासाठी त्याने मेलिफेरा माश्यांच्या चार पेट्या ठेवल्यात. (वीकेंडला मॉल सोडून मी तिथे का कडमडते, हा आईचा लाडका प्रश्न.) त्यातल्या एका पेटीतली राणी म्हातारी झाली होती. राणी तरुणपणी थोडेच दिवस बाहेर उडते, नरांशी मीलन करते आणि तेवढ्या साठ्यावर आयुष्यभर अंडी घालते. साठा संपला की अंड्यांतून निघतात फक्त नर. ते मध गोळा करत नाहीत, नुसते खातात. (तुमच्या डोळ्यांसमोर आत्ता कोण आलं, ते मला कळवू नका!) कामकरी माशी ऐन हंगामात जगते जेमतेम सहा आठवडे. नव्या जन्मल्या नाहीत, तर पेटी ओस पडणार.

म्हणून मामाने नवी राणी मागवली. ती येते काडेपेटीएवढ्या जाळीच्या पिंजऱ्यात, सोबत चार-पाच कामकरी घेऊन. पिंजऱ्याचं तोंड पिठीसाखर आणि मध मळून केलेल्या गोळीने बंद असतं. जुनी राणी काढायची, पेटीला काही तास पोरकेपण जाणवू द्यायचं आणि मग हा पिंजरा दोन फ्रेम्सच्या मधे अडकवायचा. माश्या ती गोळी कुरतडत बसतात. तीन-चार दिवसांत वाट मोकळी होते आणि तोवर नव्या राणीचा वास पेटीभर पसरलेला असतो. सगळा खेळ या वासाचा. परका वास म्हणजे घुसखोर, मग ती राणी का असेना.

तिसऱ्या दिवशी मामा बाजारात गेलेला. मी पेटी उघडली. पिंजऱ्यावर माश्यांचा थर घट्ट चिकटलेला, जाळी चावत होत्या. मला वाटलं, काय प्रेम आहे! हेअरपिनने उरलेली गोळी कोरून काढली. राणी बाहेर आली आणि क्षणात तिच्याभोवती अक्रोडाएवढा गोळा झाला. अशा गोळ्यात माश्या राणीला दाबून, तापवून मारतात. तो पाण्यात टाकला की सुटतो, हे मला नंतर कळलं. मी नुसती बघत उभी राहिले. खरं तर बोटाने हळूच सारल्यावर माश्या सहज बाजूला झाल्या, जाळीतून राणीला भरवताना दिसल्या, की समजायचं पटलं. चिकटून चावत असतील, तर थांबायचं.

मामा काही बोलला नाही. त्याने चहा टाकला. दुसऱ्या राणीचे पैसे मी दिले, म्हणजे एका लेखाचं मानधन गेलं.

दुसऱ्या खेपेला आधी एकेक फ्रेम तपासली. राणी गेली की माश्या स्वतःच नवी घडवायला घेतात, भुईमुगाच्या शेंगेसारखी घरं बांधून. त्यातलं एक जरी राहिलं, तर विकतची राणी कोण पत्करणार? सगळी काढली, पिंजरा लावला आणि मी पुण्याला पळाले. आठवडाभर दोन डेडलाइन्स आणि रोज एक फोन. 'मामा, उघडलीस?' 'नाही गं. तूही उघडू नकोस.'

परवा रविवारी दोघांनी मिळून झाकण काढलं. पिंजरा रिकामा. राणी दिसेना. पेटीच्या तळाशीही नव्हती, म्हणजे निदान प्रेत तरी नव्हतं. मी मधली फ्रेम उचलली आणि ऊन पाठीवर घेऊन तिरकी धरली. अंडं घातल्या दिवशी घराच्या तळाशी सरळ उभं असतं, तिसऱ्या दिवसापर्यंत आडवं होतं. मामाचा चष्मा घरी राहिलेला.

'काय दिसतंय?' त्याने विचारलं.

'उभी आहेत, मामा. खूप आहेत.'

'मग ठेव खाली,' तो म्हणाला. 'उगाच त्रास नको देऊस.'