पिसुणावाचा आणि वसतिगृह

पंचशीलातील चौथे शील आपल्या मुलांना मुखोद्गत असते. त्याचा अर्थ विचारला, तर ‘खोटे बोलू नये’ असे ती तत्काळ सांगतात. अष्टांगिक मार्गातील सम्यक् वाचा मात्र एवढ्यावर थांबत नाही. पिसुणावाचा, फरुसवाचा आणि सम्फप्पलाप, म्हणजे चहाडी, कठोर वचन आणि निरर्थक बडबड, यांपासूनही दूर राहण्यास ती सांगते. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सम्यक् वाचेचे विवरण करताना परनिंदा स्पष्टपणे वर्ज्य ठरविली आहे. चहाडी पुष्कळदा खरी असते. म्हणूनच केवळ ‘खोटे बोलू नका’ एवढ्या शिकवणुकीने ती थांबत नाही.

धम्मपदाच्या अट्ठकथेतील कोसंबीची कथा या दृष्टीने मुलांना अवश्य सांगावी. घोसितारामात एक विनयधर आणि एक धम्मकथिक असे दोन आचार्य राहत. धम्मकथिकांनी एकदा शौचालयातील भांड्यात उरलेले पाणी तसेच ठेवले. विनयधरांनी दोष दाखविला, धम्मकथिकांनी तो मानला. हेतू नसेल तर दोष नाही, असे विनयधरही म्हणाले. प्रकरण तेथेच मिटले होते. पण विनयधरांनी ते आपल्या शिष्यांच्या कानी घातले, त्या शिष्यांनी दुसऱ्या आचार्यांच्या शिष्यांना ऐकविले आणि पाहता पाहता संघ दुभंगला. उपासकांतही तट पडले. तथागतांचेही कोणी ऐकेना, तेव्हा ते एकटेच पारिलेय्यकाच्या वनात निघून गेले. पुढे कोसंबीच्या उपासकांनी भिक्खूंचा मानसन्मान आणि दान थांबविले, तेव्हा कोठे भिक्खू भानावर आले.

भांडेभर पाण्यावरून एवढे रामायण! वसतिगृहात ज्यांनी वर्षे काढली, त्यांना याचे नवल वाटणार नाही. तेथे बादलीवरून, साबणाच्या वडीवरून पंगती वेगळ्या होतात. घरून ये-जा करणारे मूल सायंकाळी त्यातून सुटते. निवासी मुलाची निंदा करणारा त्याच्या शेजारच्याच खाटेवर झोपलेला असतो. घराण्यात प्रथमच शिकायला बाहेर पडलेल्या मुलाला गावाकडे परत धाडण्यास एवढी कुजबुजही पुरेशी ठरू शकते.

मात्र चहाडीचा निषेध करताना तक्रारीची वाट बंद होता कामा नये. ‘चुगलखोर’ म्हणवून घेण्याच्या भीतीने छळ सोसणारे मूल गप्प राहते, आणि ते गप्प राहणे, स्पष्टच बोलायचे तर, मोठ्यांच्या सोयीचे असते. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळविणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारकच केले आहे. ज्याच्या हाती उपाय आहे त्याला सांगणे ही तक्रार; ज्याला केवळ ऐकण्याची गोडी आहे त्याच्या कानाशी लागणे ही चहाडी. हा भेद पाचवीच्या मुलालाही कळतो, फक्त तो कोणी समजावून द्यावा लागतो.

प्रोत्साहनाचे उदाहरणही त्याच कोसंबीत सापडते. राणी सामावतीची दासी उत्तरा पाठीने वाकलेली होती, म्हणून तिचे नावच ‘खुज्जुत्तरा’ पडले, म्हणजे कुबडी उत्तरा. आपल्या वसतिगृहांतील टोपणनावे याहून निराळी नसतात. बुद्धांचा उपदेश ऐकून ती अंतःपुरातील स्त्रियांना तो जसाच्या तसा सांगत असे. अंगुत्तर निकायात तथागतांनी बहुश्रुत उपासिकांमध्ये तिलाच अग्रस्थान दिले आहे. लोकांनी तिचे कुबड पाहिले, तथागतांनी तिचा नेमका गुण पाहिला आणि तो सर्वांसमक्ष सांगितला. आपण उठल्याबसल्या वाटतो ते ‘शाब्बास’ तसे नसते. ‘काल तू नव्या मुलाला भागाकार समजावून दिलास, ते मी पाहिले,’ एवढे गुरुजींचे वाक्य मूल वर्षानुवर्षे जपून ठेवते.

पालकांकडेही यातला एक वाटा येतो. भेटीच्या दिवशी कोण कोणाशी भांडले, कोणाचे घर कसे आहे, याची चौकशी करण्यापेक्षा ‘या महिन्यात तुला कोणी मदत केली?’ असे विचारून पाहावे. ज्याचे नाव मूल सांगेल, तो मुलगा तेथेच आवारात कोठेतरी खेळत असेल. त्याला हाक मारून, त्याच्या तोंडावर, ते त्याला सांगावे.