राष्ट्रपतिपद आणि बाहेरचा माणूस

गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपली आणि आम्ही सतरंज्या गुंडाळू लागलो. तेवढ्यात बारावीतल्या एका मुलाने विचारले, "काका, राष्ट्रपतीच्या निवडणुकीला आपला एखादा माणूस कुठल्याही पक्षाशिवाय उभा राहिला, तर निवडून येईल का हो?"

आम्ही तोंड उघडण्याच्या आतच एक मावशी म्हणाल्या, "येईल की! नारायणन साहेब झाले, कोविंद झाले, मुर्मूताई झाल्या. आता काय राहिलंय?"

"मावशी, त्यांना पक्षाने उभं केलं होतं. मी एकट्याचं विचारतोय," मुलगा म्हणाला.

मुलगा खरे तेच बोलला. घरी येऊन आम्ही वहीचे पान काढले व हिशेब मांडला. तोच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

राष्ट्रपतीला आपण मत देत नाही. मत देतात ते निवडून आलेले खासदार आणि आमदार. नामनियुक्त सदस्यांना हा हक्क नाही, विधान परिषदेच्या आमदारांनाही नाही. आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येवर ठरते आणि त्यासाठी अजूनही १९७१ ची जनगणना धरली जाते. महाराष्ट्राची तेव्हाची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख. तिला २८८ आमदारांनी भागा, मग हजाराने भागा. उत्तर येते १७५. उत्तर प्रदेशच्या आमदाराचे मूल्य २०८, तर सिक्कीमच्या आमदाराचे ७. खासदाराचे मूल्य २०२२ साली ७०० होते.

आता उभे राहण्याची अट पाहा. ५० सूचक, ५० अनुमोदक आणि १५ हजार रुपये अनामत. हे शंभर जण मतदार, म्हणजे खासदार किंवा आमदारच हवेत. ही अट १९९७ पासूनची आहे. त्यापूर्वी दहा सूचक व दहा अनुमोदक पुरत असत. म्हणूनच १९९२ साली काका जोगिंदरसिंग ऊर्फ 'धरतीपकड' यांनाही उभे राहता आले. त्यांना १,१३५ मूल्याची मते पडली. शंकर दयाळ शर्मा ६,७५,८६४ मते घेऊन राष्ट्रपती झाले. आज धरतीपकडांना दारातच अडवले असते.

मग अपक्ष कधी जिंकलाच नाही काय? जिंकला. १९६९ साली व्ही. व्ही. गिरी अपक्ष म्हणून उभे राहिले आणि त्यांनी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी यांना हरवले. पण यातली मेख लक्षात घ्या. गिरींच्या पाठीशी खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधी होत्या. पहिल्या पसंतीत कोणालाच पुरेशी मते मिळाली नाहीत. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरींना ४,२०,०७७ आणि रेड्डींना ४,०५,४२७ मते झाली. तिसरे उमेदवार होते महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख. विद्वत्तेत ते कोणाला हार जाणारे नव्हते, तरी १,१२,७६९ वर थांबले. त्याच वर्षी काँग्रेसच्या संसदीय मंडळात इंदिराजींनी जगजीवनराम यांचे नाव सुचविले होते. मंडळाने ते नाकारून रेड्डींना पसंती दिली. आपला माणूस निवडणुकीपर्यंत पोहोचलाच नाही, पक्षाच्या बैठकीतच पडला.

पुढे अठ्ठावीस वर्षांनी, १९९७ साली, के. आर. नारायणन उभे राहिले. केरळातल्या उझवूर गावच्या गरीब दलित घरातला हा मुलगा बाबासाहेबांप्रमाणेच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकला होता. त्यांच्या विरोधात होते निवडणूक आयोगाचे माजी प्रमुख टी. एन. शेषन. त्यांचा दरारा घराघरात माहीत होता. राजकीय पक्षांच्या बाहेरचा, कडक माणूस म्हणून ते रिंगणात उतरले. शिवसेनेने त्यांना पाठिंबा दिला. निकाल लागला तो असा: नारायणन ९,५६,२९०, शेषन ५०,६३१. शेषन यांची अनामत जप्त झाली.

या निकालावर आम्ही बराच वेळ थांबलो. महाराष्ट्राच्या सर्व २८८ आमदारांनी एकालाच मत दिले, तरी बेरीज होते ५०,४००. म्हणजे अख्खी विधानसभा पाठीशी उभी केली तरी शेषन यांच्याइतकीच मते! तेव्हा मुलाच्या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ आहे. एकटा माणूस या निवडणुकीत जिंकू शकत नाही.

पण 'बाहेरचा' कोणाला म्हणायचे, हाही प्रश्न आहे. पक्षाबाहेरचे शेषन हे आयुष्यभर सरकारी सत्तेच्या आतले. पक्षाचे उमेदवार नारायणन हे जन्माने गावकुसाबाहेरचे. पक्षांनी हिशेब करून त्यांना आत घेतले, हे खरे. पण आत गेल्यावर ते कोणाचे बाहुले झाले नाहीत. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची गुजराल मंत्रिमंडळाची शिफारस त्यांनी परत पाठविली. १९९८ साली बिहारबाबत वाजपेयी मंत्रिमंडळाची शिफारसही परत पाठविली. २००० साली घटनेच्या फेरविचाराची भाषा सुरू झाली, तेव्हा घटनेने आपल्याला निराश केले की आपणच घटनेला निराश केले, असा प्रश्न त्यांनी देशासमोर ठेवला. म्हणून मावशींचा अभिमान आम्ही खोटा म्हणणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की तो अभिमान भिंतीवरच्या तसबिरीपुरता राहू नये. खुर्चीवर कोण बसले, याच्याइतकेच त्याला कोणी बसविले आणि बसल्यावर त्याचा कणा ताठ राहिला का, हेही विचारले पाहिजे.

घटना समितीत के. टी. शहा यांनी राष्ट्रपती थेट जनतेने निवडावा असा आग्रह धरला होता. बाबासाहेबांनी तो मान्य केला नाही. आपला राष्ट्रपती हा राष्ट्राचा प्रमुख, राज्यकारभार मात्र मंत्रिमंडळाचा, ही त्यांची मांडणी होती. म्हणजे खरी सत्ता जेथे आहे, तेथे आपण कोठे आहोत हे आधी पाहावे.

थेट निवडणूक असली म्हणून तरी एकट्याचे काय होते? अमेरिकेत १९९२ साली रॉस पेरो या धनाढ्य अपक्षाला १९ टक्के लोकांची मते पडली, पण निर्वाचक मंडळातले एकही मत मिळाले नाही. उलट आपल्या धम्माच्या श्रीलंकेत २०२४ साली अनुरा कुमार दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले. २०१९ साली त्यांना जेमतेम ३ टक्के मते होती आणि २२५ जणांच्या संसदेत त्यांचे फक्त तीन खासदार होते. तेही मोठ्या घराण्यांच्या बाहेरचेच. पण ते एकटे नव्हते. वर्षानुवर्षे बांधलेली संघटना त्यांच्यामागे होती.

आपल्यालाही याचा अनुभव आहे. १९९८ साली रिपब्लिकन गट एकत्र आले, काँग्रेसशी समझोता झाला आणि महाराष्ट्रातून चार खासदार खुल्या जागांवर लोकसभेत गेले. प्रत्येकाच्या मताचे मूल्य तेव्हाच्या हिशेबाने ७०८, चौघांचे मिळून २,८३२. वर्षभरात पुन्हा फाटाफूट झाली आणि १९९९ साली चाराचे दोन राहिले. ही वजाबाकी कोणा मनुवाद्याने केली नाही, आपणच केली.

तेव्हा बाळा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. राष्ट्रपतीची निवडणूक दिल्लीत होते, पण तिची सुरुवात आपल्या वस्तीतल्या मतदारयादीपासून होते. यंदा तुला अठरा वर्षे पूर्ण होत असतील, तर आधी यादीत नाव घाल. मावशींचेही आहे का ते बघ. पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर सतरंजी लगेच गुंडाळू नका. आम्ही यादी घेऊन येत आहोत, एकेक घर तपासू.

जयभीम!