कॅमेऱ्याचं तोंड कुणाकडे?

‘ज्याने काही केलं नाही, त्याने कॅमेऱ्याला का घाबरावं?’ असं आमच्यातलीच काही शिकलेली मंडळी विचारतात. त्यांना आमचा उलट प्रश्न आहे : पारध्यांनी काय केलं होतं? 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या, माणसांना पोलिसांपुढे हजेरी लावावी लागली. कायदा 1952 मध्ये गेला. पोलिसांच्या डोक्यातली यादी गेली का? हीच यादी उद्या चेहरा ओळखणाऱ्या यंत्राला पुरवली, तर त्याला जात विचारायची गरजही उरणार नाही.

खाजगीपणा ही बंगलेवाल्यांची चैन नाही. आमच्या माणसाने काय नेसावं, मिशी कशी ठेवावी, यावर गावाची पाळत होतीच. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने मात्र सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट सरकारसाठी मोकळी ठेवली.

आम्ही कॅमेऱ्याच्या विरोधात नाही. त्याचं तोंड कुणाकडे आणि चित्रण कुणाच्या ताब्यात, एवढंच विचारतो. परभणी आठवा. संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतर वस्तीत कोंबिंग झालं, आणि 15 डिसेंबर 2024 ला सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं, सीसीटीव्हीत मारहाण दिसत नाही. म्हणजे चित्रण पोलिसांचं आणि निष्कर्ष सरकारचा! आई उच्च न्यायालयात गेली, तेव्हा कुठे जुलै 2025 मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश निघाला. त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि हरलं.

परमवीर सिंग सैनी खटल्यात 2 डिसेंबर 2020 लाच सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीतसुद्धा, कॅमेरे लावायला सांगितलं होतं. चित्रण 18 महिने, ते शक्य नसेल तर किमान वर्षभर जपायचं. अन्याय झालेल्या माणसाला ते राखून ठेवायला लावण्याचा हक्क आहे, असा फलक मराठीतही दर्शनी भागात हवा.

तुमच्या ठाण्यात तो फलक आहे का? दोघे-तिघे मिळून जा, बघा. नसेल तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या. जिल्हा देखरेख समितीची बैठक शेवटची कधी झाली, हे माहिती अधिकारात विचारा. आणि वस्तीतलं कुणी उचललं गेलं, तर चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी गेला पाहिजे. महिन्याने गेलात, तर ‘तेव्हा कॅमेरा बंद होता’ हे उत्तर तयार असेल.