टाचणीएवढी जखम, बोटाएवढी किंमत

जुनी डिझेल गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही, काळा धूर सोडते, अ‍ॅव्हरेज घटते. मेकॅनिकचे निदान बहुधा ठरलेले असते : इंजेक्टर चोक झालाय. नोझलच्या बारीक छिद्रांत कार्बन साचला, की फवाऱ्याऐवजी धार लागते आणि डिझेल नीट जळत नाही. मग इंजेक्टर काढून साफ करतात आणि हाताने चालवायच्या टेस्टरवर लावून फवारा तपासतात. धोका या शेवटच्या पायरीत आहे. फवारा पाहता पाहता बोट नोझलसमोर येते.

गाडीच्या टायरमध्ये हवा असते ३०-३५ पौंड. जुन्या इंजिनाचा इंजेक्टर उघडतो दीड-दोन हजार पौंडांना किंवा त्याहून जास्त दाबाला. कॉमन रेल इंजिनात हा दाब २० हजार पौंडांच्या आसपास जातो. त्वचा भेदायला सुमारे १०० पौंड पुरतात. म्हणजे हे सुईशिवाय दिलेले डिझेलचे इंजेक्शनच.

बाहेर दिसतो फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका. रक्त जवळजवळ नाही, सुरुवातीला दुखणेही नाही. मेकॅनिक फडक्याला हात पुसून कामाला लागतो. आत मात्र डिझेल कंडरांच्या आवरणातून तळहाताकडे पसरत असते. दाबामुळे रक्तपुरवठा अडतो, डिझेलने पेशी मरतात. काही तासांत बोट सुजते, बधिर होते, ठणकू लागते. अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात १९३७ मध्येच डिझेल इंजिनामुळे झालेल्या अशा जखमेची नोंद आहे. प्रसिद्ध झालेल्या रुग्णनोंदी एकत्र पाहिल्या, तर उच्च दाबाच्या अशा जखमांत सुमारे ३० टक्के रुग्णांचे बोट किंवा त्याचा भाग काढावा लागला. डिझेलसारख्या द्रवांत सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली, तर बोट वाचण्याची शक्यता वाढते.

हे सहा तास अनेकदा दवाखान्यातच वाया जातात. धनुर्वाताचे इंजेक्शन, पट्टी, वेदनाशामक गोळी आणि ‘दोन दिवसांनी दाखवा’. गर्दीच्या अपघात विभागात जखमेच्या आकारावरून तातडी ठरते, तिथे हा ठिपका रांगेच्या शेवटी जातो. प्रत्येक टोचलेले बोट शस्त्रक्रियागृहात नेता येत नाही, हे खरे. पण एक प्रश्न विचारता येतो : ‘प्रेशरने लागले का?’ उत्तर ‘हो’ असेल, तर रुग्ण तत्काळ शल्यचिकित्सकाकडे गेला पाहिजे. हा प्रश्न केसपेपर लिहिणाऱ्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना पाठ असावा.

पहिली जबाबदारी अर्थात गॅरेजमालकाची. टेस्टरभोवती पारदर्शक आवरण आणि डोळ्यांना चष्मा हवा. गळती शोधायला बोट नव्हे, पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. दाब उतरल्याशिवाय पाइप सैल करू नये. काम शिकणारी मुले उस्तादाचा हात पाहून शिकतात. त्याने बोट पुढे केले, तर तीही करतील.

लागलेच, तर बोट पिळू नये, बर्फ लावू नये, आवळून बांधू नये. हात उंच धरून लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे, काही खाऊ-पिऊ नये आणि ‘डिझेल प्रेशरने आत गेले आहे’ हे स्वतःहून सांगावे. नोझल बदलून मिळते, बोट मिळत नाही.