रेस वाढवून घे!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत लेख लिहितोय म्हटल्यावर रूममेट पोट धरून हसला. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर माफ करा, पण हा विषय मला इंग्रजीत सांगताच येणार नाही, कारण तो मला कळला तोच वऱ्हाडीत.

मित्रांनो, हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एक वाक्य नेहमी ऐकू येतं. "गाडी सिग्नलवर बंद पडते बे." त्यावर उत्तरही ठरलेलं. "रेस वाढवून घे."

माझ्याकडे बाबांची २००९ सालची १०० सीसीची गाडी आहे. ॲक्सिलरेटर सोडला की दोन-तीन सेकंद फडफड करायची आणि गप्प. अकोल्याहून गाडी देतानाच बाबा म्हणाले होते, "सिग्नलला थोडी रेस देत राहा." राजकमल चौकात रेस देऊन देऊन कंटाळलो तेव्हा एका गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मुलाने स्क्रू पिळला, इंजिन भरभरू लागलं. अर्धा मिनिट, तीस रुपये. मीही खूश.

मग सुट्टीत घरी निघालो. जून २०२२ मध्ये लोणी ते माना ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज बुकात गेलेला रस्ता तो हाच. (आमचा एका रात्रीत जर्नल पूर्ण करण्याचा रेकॉर्ड मात्र कोणी नोंदवत नाही.) अशा रस्त्यावर ॲक्सिलरेटर सोडावाच लागत नाही, त्यामुळे गाडीचं दुखणं कळतच नाही. मूर्तिजापूरला चहासाठी वळायचं म्हणून स्पीड कमी केला, क्लच दाबला आणि वळणाच्या तोंडाशीच गाडी बंद. मागे ट्रक. त्याच्या ब्रेकचा आवाज अजून कानात आहे. ट्रक थांबला तो हातभर अंतरावर. ड्रायव्हर जे बोलला ते मासिकात छापता येणार नाही.

गाडी ढकलत एका मेकॅनिक काकांकडे नेली. त्यांनी पाना उचलण्याआधी प्रश्न विचारले.

"रेस कोनं वाढोली एवढी?"

"गॅरेजवाल्याने."

"थंडी असली तवा बंद पडते का गरम झाल्यावर?"

"दोन्ही वेळा."

"अन् चोक देला त?"

हे मी कधी पाहिलंच नव्हतं. काकांनी स्क्रू परत खाली आणला, अर्धा चोक दिला आणि किक मारली. गाडी चालू राहिली! "म्हंजे तिले पेट्रोल कमी भेटून राह्यलं," काका म्हणाले. आधी त्यांनी कार्बोरेटर आणि इंजिनमधलं रबर दाबून चीर आहे का पाहिलं, कारण तिथून हवा ओढली तरी हेच लक्षण दिसतं. रबर ठीक होतं. मग कार्बोरेटर उतरवला. वाटीच्या तळाला पिवळा चिकट थर. त्यातून पितळेचा एवढासा स्लो जेट काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "पाह्य, उजेड दिसते का?" उन्हाकडे धरून पाहिलं. नाही दिसला.

परीक्षेमुळे दीड महिना गाडी उभी होती. वाटीतलं पेट्रोल उडून गेलं आणि त्याचा चिकट गाळ जेटच्या भोकात बसला. आजकाल जो तो २० टक्के इथेनॉलवर खापर फोडतो. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबराला सोसत नाही, हे खरंच आहे. पण दीड महिना गाडीकडे न बघणारा मीच होतो.

मित्रांनो, रेसचा स्क्रू थ्रॉटल किंचित उचलून ठेवतो, बस. स्लो जेट बंदच राहतो, इंजिन दुसऱ्या वाटेने जेमतेम पेट्रोल ओढून जगतं. गाळ आणखी साचला की तेही पुरत नाही. आणि तोपर्यंत पेट्रोल जास्त, गिअर टाकताना खट्‌ आवाज, वर अकोल्याच्या उन्हात तापलेलं इंजिन. हॉस्टेलमध्ये फ्यूज उडाला की जाड तार घालणारे आपणच ना?

मला सर्वात जास्त लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. सिम्पल कार्बोरेटरची आकृती मी पेपरात पट्टीने काढून आलोय. त्याचा दोषही लिहिलाय, 'कमी गतीला मिश्रण विरळ होते'. मार्क पूर्ण मिळाले. तो दोष घालवायलाच स्लो जेट असतो, हे मूर्तिजापूरला कळलं. "इंजिनिअरिंगले हायेस ना बाबू?" काकांनी विचारलं. मी मान हलवली, हो की नाही ते मलाच माहीत नाही.

सर म्हणतील, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, नव्या गाड्यांत इंजेक्शन असतं, कार्बोरेटर कशाला शिकायचा? पण पार्किंगमध्ये एकदा मोजून बघा सर, निम्म्या तरी गाड्या आमच्या बाबांच्या नाहीतर काकांच्या जुन्याच निघतील. आणि इंजेक्शनची गाडीही थ्रॉटल बॉडीत मळ साचला की बंद पडते, तिथे तर पिळायला स्क्रूसुद्धा नाही. वर्कशॉपमध्ये एक भंगारातला कार्बोरेटर ठेवा आणि आम्हाला तो खोलू द्या. आकृतीचे मार्क हवे तर कमी करा.

काकांनी पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारून जेट साफ केला, रेस खाली ठेवली. दीडशे रुपये झाले. बाबांकडे आता दुसरी जुनी गाडी आहे, रोज ऑफिसला तीच नेतात आणि टॉवर चौकात सिग्नलला हात ॲक्सिलरेटरवरच असतो. या वेळी घरी जाताना दहा नंबरचा पाना घेऊन जातोय. बाबांना अजून सांगितलेलं नाही.