‘कशावरून?’ हा शब्द जपून ठेवा

गेल्या अंकात आपण बिबड्या आणि कुरडयांबद्दल बोललो. आज मात्र जरा वेगळा विषय घेते आहे. ‘राजकारण हा काय बायकांच्या पानावरचा विषय?’ असं कुणी म्हणेलही. पण रेशनची साखर, नळाचं पाणी, मुलांची शाळा, गॅसचा भाव हे सगळं जिथं ठरतं त्यालाच राजकारण म्हणतात ना? मग ते आपण नको म्हटलं तरी ओट्यापर्यंत येणारच.

मी दुपारच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. घटनेचं १९ वं कलम, भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य, मुलं घडाघडा म्हणून दाखवतात. पाठांतर अगदी चोख! मी त्यांना सांगते, या कलमाचा अर्थ घरच्या भाषेत एका शब्दात सांगता येतो. तो शब्द म्हणजे ‘कशावरून?’ मंत्री बोलो, वर्तमानपत्र बोलो की शेजारीण बोलो, ‘हे कशावरून?’ असं न भिता विचारता आलं पाहिजे. हा प्रश्न ज्या देशात बंद पडतो, तिथं मतपेटी असूनही लोकशाही नावापुरतीच उरते.

आपल्याकडे तो एकदा हुकूम काढून बंद केला होता. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. दिल्लीत वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीजच तोडली गेली. मग प्रत्येक मजकूर आधी सरकारी अधिकाऱ्याला दाखवायचा आणि त्याने ‘हो’ म्हटलं तरच छापायचा, असा नियम झाला. त्याच आठवड्यात मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात छोट्या जाहिरातींमध्ये एक निधनवार्ता छापून आली. गेलेल्या गृहस्थांचं नाव इंग्रजीत असं काही जुळवलं होतं की नीट वाचलं तर ‘डेमॉक्रसी’! सत्य ही त्यांची बायको, स्वातंत्र्य हा मुलगा. तपासणाऱ्याच्या नजरेतून ते निसटलं आणि वाचणाऱ्यांना बरोबर कळलं.

त्या काळात बायका मागे राहिल्या नव्हत्या, बरं का. मृणाल गोरे यांनी १९७२ मध्ये महागाईविरुद्ध हजारो बायकांना हातात लाटणं देऊन रस्त्यावर आणलं होतं. त्यांचा प्रश्न साधा होता, ‘आमच्या वाट्याचं धान्य, तेल गेलं कुठं?’ आणीबाणीत त्यांना भूमिगत व्हावं लागलं, पुढे तुरुंगातही जावं लागलं. १९७७ च्या निवडणुकीत लोकांनी त्यांना लोकसभेत पाठवलं. आणि दुर्गाबाई भागवत! १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या. स्वागताध्यक्ष होते केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. त्या मांडवात दुर्गाबाईंनी लेखकांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न काढला आणि आजारी जयप्रकाश नारायणांसाठी सर्वांना प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. ना पक्ष, ना पद. लोककथा आणि पाककृती यांचा अभ्यास करणारी एक विदुषी बाई. पण भर सभेत बोलायला कचरली नाही.

आपल्या खानदेशालाही हा वारसा आहे. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी १९४८ मध्ये ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. गुरुजी गेल्यावर पंचवीस वर्षांनी त्याच साप्ताहिकावर आणीबाणीचा बडगा आला.

तुम्ही म्हणाल, ‘ते सगळं जुनं झालं. आता कुठं छापखान्याची वीज तोडतात? आता तर ज्याच्या त्याच्या हातात फोन आहे, वाट्टेल ते बोलावं.’ इथंच तर गंमत आहे. आता प्रश्न बंद पाडायला हुकूमच लागतो असं नाही. दुसऱ्याही वाटा आहेत.

एक वाट भीतीची. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं, तेव्हा मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर ‘हा बंद कशासाठी?’ अशा अर्थाचे चार शब्द लिहिले. तिच्या मैत्रिणीने ते आवडल्याची खूण केली, बस्स! दोघींनाही अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. पुढे त्यांच्यावरचा खटला काढून घेतला गेला. ज्या ‘६६ अ’ कलमाखाली हे घडलं, त्याविरुद्ध श्रेया सिंघल नावाची एक तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. निकाल चांगला लागला खरा. पण त्या दोन मुलींची उदाहरणं देऊन किती आयांनी आपल्या लेकींना ‘तू कशाला त्यात पडतेस’ म्हणून गप्प केलं असेल, त्याचा हिशेब कुठल्या निकालपत्रात यायचा?

दुसरी वाट पैशाची. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत मराठी दैनिकांत पुढाऱ्यांची स्तुती करणारे लेख बातमी म्हणून छापून आले. काही तर शब्दन्‌शब्द सारखे, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वर्तमानपत्रांत! पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघडकीला आणलं आणि ‘पेड न्यूज’ हा शब्द घरोघरी झाला. दुकानदाराने पुड्यावर साजूक तूप लिहून आत डालडा भरला तर आपण त्याला सोडतो का? मग बातमीच्या पुड्यात जाहिरात निघाली तर गप्प का बसावं?

आणि तिसरी वाट सगळ्यांत वाईट, कारण तिच्यावर आपणच चालतो. ती अफवेची. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. सोलापूरकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथं आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे निरोप त्या दिवसांत फोनवरून गावोगाव गेले होते. संशय आला, जमाव जमला आणि त्या पाचही जणांना ठेचून मारलं. कुठं? ग्रामपंचायतीच्या कार्यालयात! प्रश्न विचारण्यासाठीच जी जागा गावाने बांधली, तिथं त्या पाच जणांना ‘तुम्ही कोण, कुठले?’ एवढं विचारून उत्तर ऐकायला कुणी थांबलं नाही.

त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत तर मुलं पळवण्याची नव्हतीच. पाकिस्तानातल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी ती तयार केली होती. तिच्या शेवटी उचललेलं मूल परत आणून सोडतात आणि सूचनेचा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला आणि उरलेलं पुढे ढकललं. कात्रीचं काम तेच, आणीबाणीत अधिकारी करायचा ते! फक्त इथं कात्री चालवणारा कोण, ते कळत नाही.

अशा अफवा माजल्या की ज्यांना लोकांची तोंडं बंद करायची असतात त्यांना आयतंच कारण मिळतं. ‘पाहा, मोकळं बोलू दिलं की असं होतं,’ म्हणायला ते मोकळे. म्हणून मी म्हणते, खोटं पुढे न ढकलणं आणि खरं बोलायला न भिणं ही दोन वेगळी कामं नाहीत. निवडलेलेच तांदूळ आपण रांधतो ना? तसंच आहे हे.

आमच्या गल्लीत एक बोहारीण वर्षानुवर्षं येते. अशाच एका अफवेच्या दिवसांत तिला पाहून दोन-तीन दारं धाडकन लागली. कुणीतरी म्हणालं, पोलिसांना नंतर सांगू, आधी हिला अडवा. तेव्हा समोरच्या काकू, शाळेची पायरी न चढलेल्या, ओट्यावरून उठून म्हणाल्या, ‘माय वं, पण कशावरनं म्हणता? कुणाचं पोर गेलं? नाव सांगा ना!’ नाव कुणालाच सांगता येईना. काकूंनी बोहारणीला पाणी दिलं, नेहमीसारखी घासाघीस करून दोन साड्यांवर एक पातेलं घेतलं आणि गल्ली शांत झाली. घटनेचं १९ वं कलम काकूंना ठाऊक नसेल, पण चालवून दाखवलं त्यांनीच.

तर मैत्रिणींनो, करायचं काय? फार अवघड नाही. फोनवर निरोप आला की आधी पाहा, त्यात गावाचं नाव, तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव आहे का? नसेल तर तो निरोप आपल्यापाशीच थांबू द्या. असेल तर एखाद्या वर्तमानपत्रात आलंय का ते पाहा; शक्य असेल तर एकाऐवजी दोन वाचा. धोका खरा वाटला तर जमाव गोळा करू नका, ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवा. ‘सगळ्यांना पाठवा’ असं ज्यावर लिहिलं असेल ते तर हमखास न पाठवण्याजोगं समजा.

खेड्यातल्या बहिणींनो, मुख्य ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असा आपल्या राज्याचा कायदा आहे. ती नुसती सह्यांपुरती होऊ देऊ नका. हातपंप कशावरून दुरुस्त झाला, बिल कुठं आहे, हे विचारा. तोंडी उत्तर मिळालं नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. शहरातल्या बहिणींनी नगरपालिकेत तेच करावं.

आणि घरात? सुनेनं, मुलीनं, अगदी पाच वर्षांच्या पोरानं ‘कशावरून?’ विचारलं तर ‘उलट बोलू नकोस’ म्हणू नका. उत्तर माहीत असेल तर द्या, नसेल तर ‘शोधू या’ म्हणा. घरात ज्याला प्रश्न विचारायची सवय लागली, तो उद्या मोठ्या जमावातही एकटा उभा राहून विचारू शकेल. राईनपाड्याला असा आवाज वेळेवर उठला असता, तर पाच घरांची चूल विझली नसती.

तुमच्या गावात, गल्लीत असं कुणी विचारलं असेल तर मला जरूर लिहा. पुढच्या अंकात मात्र आपलं नेहमीचं: लोणच्याच्या कैऱ्या कशा निवडाव्यात ते!